उलटी वेचणी

जगाचा व्यापार यापुढे उंद्रीतून चालणार आहे, असं भगवानरावांनी सन दोन हजार सतराच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, घराच्या टिनावर उभं राहून जाहीर केलं. टिनावर उभं राहायचं कारण एवढंच, की चिखलीजवळच्या त्या खेड्यात फोनला रेंज तिथेच मिळत होती. ही घोषणा ऐकायला खाली अंगणात त्यांच्या पत्नी झुंबरबाई, शेजारचे नजीरभाई पिंजारी आणि एक शेळी एवढे हजर होते. शेळीनं वर पाहिलं.

"बरं," झुंबरबाई म्हणाल्या, "येतानी थे गोधडी आना खाली. वाळली असन."

भगवानराव गोधडी खांद्यावर टाकून उतरले. जगाचा व्यापार थोडा वेळ शिडीवरच थांबला.

व्यापार खरं तर करिष्माचा. करिष्मा ही त्यांची धाकटी. चिखलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, आणि बोलायला लागली की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असावं असं वाटायला लावणारी. सहा महिन्यांपूर्वी तिनं फोनवर दुकान उघडलं होतं. दुकानात माल एकच, नजीरभाईंनी भरलेल्या उशा. सहा महिन्यांत तीन उशा गेल्या आणि त्यांतली एक परत आली. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती, की उशी फार कडक आहे. नजीरभाईंनी चिठ्ठी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "डोकं नरम असन त्याचं."

मग एक नवल झालं. मडगावहून एका बाईंचा निरोप आला. त्यांचं तिथे सजावटीच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'उशी नको. फोटोत उशीच्या मागे कोपऱ्यात जे उभं आहे, ते मिळेल का?'

उशीच्या मागे कोपऱ्यात चुलीसाठी आणलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. कापसाची वाळकी झाडं ती. वेचणीतून सुटलेली चार-दोन फुटकी बोंडं त्यांना अजून लटकत होती.

"म्हन्जे माह्या उशीपक्षा जळतन बरं," नजीरभाई म्हणाले आणि दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण ते राग गेला म्हणून नव्हे. "मले एवढंच सांगा भगवानभाऊ, थे बाई त्याचं करन काय?"

भगवानरावांनाही झोपेतून उठल्यापासून तेच वाटत होतं. ते टिनावर चढले, मडगावला फोन लावला आणि विचारून टाकलं.

"नाताळात लावतात, काका. कापूस फुटलेल्या फांद्या मोठ्या बरणीत उभ्या केल्या की बर्फ पडल्यासारखं दिसतं."

"गोव्यात बर्फ पडते?"

"नाही हो."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मंग थे बर्फासारखं दिसते, हे कोनाले समजते?"

"पडला असता तर कसा दिसला असता, तसं, काका."

भगवानराव फोन खिशात घालून बराच वेळ टिनावरच बसले. उंद्रीला बर्फ दोन प्रकारचा माहीत होता, गोळ्याचा आणि गारपिटीचा. एक चोखायचा आणि दुसऱ्याचा पंचनामा करायचा. आता ज्या गावानं बर्फ पाहिला नव्हता त्या गावानं, ज्या गावानं बर्फ पाहिला नव्हता त्या गावाला, बर्फ पुरवायचा होता. व्यापार व्यापार म्हणतात तो हाच असावा, अशी त्यांची खात्री पटली, आणि तिथूनच ती घोषणा निघाली.

मडगावची मागणी होती दोनशे फांद्यांची. प्रत्येक फांदीला निदान पाच बोंडं पूर्ण फुटलेली हवीत. बाईंच्या दुकानाची काच एक डिसेंबरला सजायची होती, म्हणून माल पंचवीस नोव्हेंबरच्या शनिवारी उंद्रीतून निघालाच पाहिजे. उशीर झाला तर नको.

आता या फांद्यांना करिष्माचं पुढचं वर्ष कसं लटकलं होतं, तेही सांगायला हवं. झुंबरबाईंनी तिच्यासाठी मेहकरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. "खरं दुकान," झुंबरबाई सांगत, "शटर हाय त्याले." करिष्माचं म्हणणं, मला एक वर्ष द्या, माझं दुकान उभं राहू द्या, मग बघू. मायलेकींचं हे भांडण दिवाळीच्या चकल्या तळताना इतकं वाढलं की अर्ध्या चकल्या करपल्या. तेव्हा भगवानरावांनी मध्ये पडून तोडगा काढला, आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे लेखी काढला:

'मडगावचा माल ठरल्या दिवशी ठरल्यासारखा गेला, तर स्थळाचं नाव एक वर्ष या घरात काढायचं नाही. न गेला, तर तीन डिसेंबरच्या रविवारी मेहकरवाले पोहे खायला येतील.'

खाली मायलेकींच्या सह्या, साक्षीदार नजीर पिंजारी. कागद भिंतीवर खळीनं चिकटवला.

भगवानरावांचा लिहिलेल्या शब्दावर विश्वास होता, आणि छापलेल्या शब्दावर तर श्रद्धाच होती. खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, आगपेटीवरचं सगळं ते वाचत आणि तसं वागत. बीटी कापसाच्या बियाण्यात एक छोटं वेगळं पाकीट यायचं, साध्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं चौफेर पेरा, म्हणजे अळी तिकडे जाईल, असं त्यावर छापलेलं असे. अख्ख्या शिवारात ते पाकीट बांधावर फेकून देत नसत ते एकटे भगवानराव. लोक त्यांच्या कडेच्या ओळींना 'अळ्यांची पंगत' म्हणत. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली आणि लोकांच्या शेतात जेवली तितकीच भगवानरावांच्याही शेतात जेवली, पंगतीत आणि पंगतीबाहेर सारखीच. "अळीनं पाकीट वाचेल नसन," भगवानराव म्हणाले. छापणाऱ्याला त्यांनी दोष दिला नाही.

अशा माणसाच्या हाती करिष्माच्या फोनवर एक छापील यादी लागली. ज्या कंपनीच्या बाजारात तिचं दुकान होतं, त्यांनी सगळ्या दुकानदारांना पाठवलेली: 'नाताळच्या हंगामासाठी दुकान सज्ज करा. बारा कामं.' भगवानरावांनी चिखलीला जाऊन तिची मोठ्या अक्षरातली प्रत काढून आणली आणि कराराच्या शेजारी चिकटवली.

पहिलं काम, दुकान सणासारखं सजवा. भगवानरावांनी आंब्याचं तोरण केलं. दुकान फोनमध्ये असल्यामुळे ते कुठे बांधावं हा प्रश्न होता. शेवटी फोन चार्जिंगला लावायच्या खिळ्याला बांधलं.

"बाबा, सजवा म्हन्जे फोटो बदला," करिष्मा म्हणाली.

"फोटो बदल. तोरन राहू दे. त्यानं काय दुकानाचं वाईट होते?"

चौथं काम, मालाचं वर्णन आकर्षक करा. हे भगवानरावांनी आपल्याकडे घेतलं. मिठाच्या पुड्यापासून बिस्किटापर्यंत सगळी वेष्टनं वाचून त्यांनी एक ओळ तयार केली: 'शुद्ध, नैसर्गिक, झाडावर जसा तसाच. मानवी हाताचा स्पर्श न झालेला कापूस.' करिष्मालाही ती आवडली.

सातवं काम, स्वतः गिऱ्हाईक बनून आपल्या दुकानातून खरेदी करून पाहा. भगवानरावांनी आपल्याच दुकानातून आपल्याच पत्त्यावर एक फांदी मागवली. करिष्मानं ती बांधली, कुरिअरवाल्यानं नेली, आणि मग रोज सकाळी टिनावर चढून आपली फांदी कुठे पोचली ते पाहायचा त्यांना छंदच लागला. फांदी चिखलीला गेली. औरंगाबादला गेली. भिवंडीला गेली आणि तिथे तीन दिवस राहिली. "भिवंडीत काय करून राह्यली असन थे?" नजीरभाई विचारत. दोघेही कधी भिवंडीला गेले नव्हते, त्यामुळे फांदीविषयी जरा आदर वाटू लागला होता. अकराव्या दिवशी ती उंद्रीत परत आली, दोन बोंडं गळालेली. शेरा लिहायची जागा होती. भगवानरावांनी खरं ते लिहिलं: 'माल बरा. वेळ फार लागला. पाचपैकी तीन तारे.'

"आपल्याच दुकानाले तीन तारे?" करिष्मा किंचाळली. "बाबा, आतापर्यंत दुकानाले एवढा एकच शेरा हाय हो!"

"चार देले असते," भगवानराव म्हणाले, "पन दोन बोंडं कमी होते ना."

ती फांदी त्यांनी नमुना म्हणून देवळीत उभी करून ठेवली.

यादीत तेरावं काम झुंबरबाईंनी घातलं. स्थळाचं काही असो, त्यांच्या शेतातून पहिला कापूस सीतादही केल्याशिवाय निघत नसे. त्यांनी पाच झाडांना हळदकुंकू लावलं, दहीभात शेतात चारी दिशांना टाकला, आणि मगच विळा लावू दिला. भगवानरावांनी यादीच्या तळाशी पेनानं लिहिलं, 'तेरा. सीतादही.' आणि पुढे बरोबरची खूण केली. तेरा कामांपैकी खात्रीनं पूर्ण झालेलं असं तेच एक होतं.

फांद्या मिळवताना मात्र घाम निघाला. त्या वर्षी बोंड बाहेरून हिरवंगार दिसे, फोडलं की आत पिवळा पडलेला, चिकटलेला कापूस आणि मध्ये गुलाबी पाहुणा. तीन एकरांत बापलेक आठ दिवस फिरले, एकेका झाडाला प्रदक्षिणा घालून स्वच्छ फुटलेल्या पाच बोंडांची फांदी शोधत. एकशे नव्व्याण्णव झाल्या आणि दोनशेवी मिळेना. ती नजीरभाईंच्या मेव्हण्याच्या बांधावर सापडली. तेवढ्याच. दोनशे एकावी त्या शिवारात नव्हती.

शुक्रवारी, म्हणजे माल निघायच्या आदल्या दिवशी, बापलेक खोकी आणायला सकाळच्या बसनं चिखलीला गेले. जाताना करिष्मानं आईला बजावलं, "वाळली पानं तेवढी काढा. वीस-वीसच्या जुड्या बांधा. बाकी काहीच करू नका." झुंबरबाईंनी मदतीला नजीरभाईंच्या बायकोला, बिलकिसला, आणि आळीतल्या तिघींना बोलावलं. पाची जणी पिढीजात वेचणाऱ्या. अंगणात गोल करून बसल्या. बिलकिस नुकतीच मलकापूरहून एका लग्नातून आली होती, आणि तिथे बिर्याणी कमी कशी पडली, कोणाच्या चुकीनं पडली आणि नवऱ्यामुलाचा मामा काय बोलून उठला, हा विषय चांगला तीन तास चालण्यासारखा होता.

तो तीन तास चालला.

दुपारी बापलेक परतले तेव्हा भिंतीशी दहा जुड्या उभ्या होत्या. एकसारख्या, सुतळीनं आवळलेल्या, वाळक्या पानाचा ठिपका नाही. शेजारी लुगड्याच्या फडक्यात एक गाठोडं होतं.

"चार किलो तरी भरन," झुंबरबाई समाधानानं म्हणाल्या. "काडीकचरा दाखवा त्यात एक."

करिष्मा जुड्यांकडे पाहत होती. दोनशे फांद्या, हजारावर बोंडं, आणि प्रत्येक बोंड हात झटकून दाखवल्यासारखं रिकामं. झुंबरबाईंनी मुलीच्या नजरेमागे नजर नेली. मग गाठोड्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की बिलकिसनं मामाचं वाक्य अर्ध्यातच सोडलं.

"अव माय," एवढंच त्या म्हणाल्या.

करिष्माच्या हातातली खोकी खाली पडली. "आई, तू मुद्दाम केलं."

"नाई व."

"रविवारी मेहकरवाले यावे म्हनून केलं."

"नाई व बापा! आमी बोलत होतो. हात चालत होते. हात काय मले इचारून चालतात?"

"बोलता बोलता हजार बोंडं वेचली? कोन मानन हे?"

अंगणात कुणी कुणाकडे बघेना. भगवानरावांना पंच म्हणून उभं राहणं भाग होतं. करार त्यांच्याच हस्ताक्षरात होता. त्यांनी देवळीतून ती नमुन्याची फांदी आणली, अंगणाच्या मध्ये उभे राहिले आणि बोलायला लागले. "पाहा झुंबरबाई," ते म्हणाले (रागावले की ते पत्नीला पूर्ण नावानं हाक मारत), "माल असा पाह्यजे होता. हे असा. फांदी, फांदीवर बोंड, बोंडात कापूस. आता माह्यासमोर प्रश्न असा हाय, की एखांदा मानूस ध्यानात न येता, डोये उघडे असून, असा कापूस वेचू शकते का? माह्या मतानं नाई शकत. मानसाचं हातावर काही ध्यान असते का नसते? म्हनून मले वाटते, का..."

"बाबा," करिष्मा हळूच म्हणाली.

"मधात बोलू नको. म्हनून मले वाटते..."

"बाबा, तुमचा हात."

भगवानरावांनी खाली पाहिलं. नमुन्याच्या फांदीवरची तिन्ही बोंडं रिकामी होती. कापूस त्यांच्या डाव्या मुठीत होता, नीट गोळा करून, वेचणारा धरतो तसा.

निकाल लागला. आधी नजीरभाई हसले, मग बिलकिस, मग आळीतल्या तिघी. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्या मुलीकडे पाहत होत्या. करिष्मा त्यांच्याशेजारी खाली बसली आणि गाठोड्यातला एक पुंजका उचलून हातात घेऊन बसून राहिली.

"एक इचारू का?" थोड्या वेळानं नजीरभाई म्हणाले. सबंध आयुष्य कापसाला हाताळलेल्या माणसाच्या डोळ्यांत काही नवंच चमकत होतं. "हा परत बसवला तर?"

"कुठं?"

"जिथून काढला तिथं."

जगाच्या पाठीवर कापूस वेचायला माणसं लागतात, यंत्रं लागतात. तो परत बसवायचा विचार उंद्रीच्या आधी कुणी केला असल्याचं निदान उंद्रीच्या कानावर नव्हतं. पण प्रश्न असा होता, की एकदा विचारल्यावर करून पाहिल्याशिवाय कुणाला उठवेना.

पहिलं बोंड नजीरभाईंनी बसवलं. ते कानात बोळा घातल्यासारखं दिसलं. दुसरं बिलकिसनं बसवलं, ते पडलं. "सरकी काढून, पिंजून घालू का?" तिनं विचारलं. "नाई," नजीरभाई म्हणाले, "सरकी काढली का त्याचा ढग होते. बोंड होत नाई." ते घरी जाऊन वडिलांच्या वेळची धुनकी घेऊन आले. पिंजायची ती जुनी कमान यंत्र आल्यापासून भिंतीवर टांगलेली होती. गाठोड्यातला दबलेला कापूस पसरून त्यांनी तिची तार लांबूनच हलकी छेडली. टंग्, टंग्, टंग्. कापूस सरकी न सोडता श्वास घेतल्यासारखा फुगला. बिलकिसनं चिंचोक्याची खळ शिजवली. पण बोंड काही जमेना. खळ जास्त झाली की चिकटे, कमी झाली की गळे.

तेव्हा झुंबरबाई पुढे झाल्या. त्यांनी फांदी घेतली, डोळे मिटले आणि रिकाम्या बोंडावर बोटं नेली. "वेचतानी बोट कसे जाते," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तसंच मांगं आनायचं." चारी फोडींत चार पुंजके, प्रत्येकाच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी खळ, आणि शेवटी अंगठ्यानं बाहेरच्या बाजूला एक अलगद ओढ. हात काढला. बोंड झाडावर आजच फुटावं तसं दिसत होतं. जरा जास्तच चांगलं.

"पाहा," त्या मुलीला म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतं तर हे जमलं असतं का मले?"

ओढणी खोचून करिष्मा दुसरी फांदी घेऊन बसली.

साध्या वेचणीला बघ्यांची गर्दी होत नाही. ही उलटी वेचणी बघायला मात्र दिवेलागणीपर्यंत अर्धी आळी लोटली. सूचनाही आल्या. ऐंशीच्या पुढचे दयारामबुवा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "उलटंच करून राह्यले तर एक करा. थे सरकी काढून पाकिटात भरा. पाकीट बियान्याच्या दुकानात नेऊन द्या. पह्यल्यासारखं होऊन जाईन सारं." कुणीतरी हसलं, पण दयारामबुवा हसले नाहीत.

दीडशे फांद्या झाल्या तेव्हा भगवानरावांना आठवलं. ते यादीजवळ गेले, चौथं काम वाचलं आणि परत आले.

"करिष्मा, आपल्या दुकानात लिहिलं हाय. मानवी हाताचा स्पर्श न झालेला."

करिष्मानं हातातली फांदी त्यांच्यासमोर धरली. "बाबा, कोनालेच समजत नाही. पाहा ना किती चांगलं दिसते!"

"मले समजते ना. आन करारात 'ठरल्यासारखा' लिहिलं हाय. म्याच लिहिलं."

"सांगितलं आन थे बाई नाही म्हनल्या तर?"

भगवानराव शिडीपाशी थांबले. खाली पाच बायका, नजीरभाई आणि आपली पोरगी वर पाहत होती. मेहकरचा मुलगा वाईट नव्हता. पण घरात करिष्मा नसली की आपण भिंतीवरची यादी कुणाला वाचून दाखवायची, आणि आपल्याला तीन तारे दिल्याबद्दल ओरडायचं कुणी, हा विचार त्यांना त्या वेळी, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, पहिल्यांदा आला. तरी ते चढले. छापलेलं खोटं ठेवणं त्यांना जमणार नव्हतं.

फोनवर त्यांनी सगळं सांगितलं, बिर्याणीसकट.

"काका, थांबा. कापूस काढला आणि परत घातला?"

"हो."

"प्रत्येक बोंडात? हातानं?"

"अजून पन्नास फांद्या राह्यल्या. बसल्या हायेत बाया."

"पण मुळात काढला कशाला?"

"सवय," भगवानराव म्हणाले.

बाई इतक्या हसल्या, की फोन भगवानरावांना कानापासून लांब धरावा लागला. मग त्या म्हणाल्या, "काका, त्या बायकांचा बसलेल्या असतानाचा एक फोटो काढा. मी तो काचेत लावते. आणि ती स्पर्श न झालेल्याची ओळ काढून टाका हो. उलट लिहा, एकेक बोंड हातानं भरलेलं. लोकांना तेच हवं असतं."

भगवानराव खाली आले. "चालते म्हने," एवढंच ते म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायले. करिष्मानं ओळ बदलली. चौथ्या कामापुढे त्यांनी दुसऱ्यांदा बरोबरची खूण केली.

शनिवारी बाराला शेवटच्या फांद्या झाल्या आणि एकला कुरिअरची गाडी आली. ड्रायव्हरनं खोकी मोजता मोजता विचारलं, "काय हाय यात?"

"कापूस."

"वेचलेला का न वेचलेला?"

भगवानरावांनी विचार केला. "दोन्ही," ते म्हणाले. ड्रायव्हरनं कागदावर 'इतर' असं लिहिलं.

तीन डिसेंबरचा रविवार उजाडला. मेहकरला झुंबरबाईंनी आदल्या आठवड्यातच निरोप धाडला होता, "पुढच्या साली पाहू. यंदा आमच्या घरी सीझन हाय." हा शब्द त्या कुठे शिकल्या, ते कुणी विचारलं नाही. दुपारी मडगावच्या बाईंचा निरोप आला, की व्हिडिओवर या, काच दाखवते. रेंजसाठी सगळे टिनावर चढले. भगवानराव, झुंबरबाई, करिष्मा, नजीरभाई, बिलकिस. शेळी खालीच राहिली.

फोनच्या पडद्यावर मडगावची काच उजळली. हिरवं झाड, सोनेरी तारे, बारीक दिवे, आणि मधोमध उंच बरणीत उंद्रीच्या दोनशे फांद्या, पांढऱ्याशुभ्र, दिव्यांत भिजलेल्या. खाली अंगणातला तो फोटो. काचेबाहेर माणसं थांबून पाहत होती. एक लहान पोरगी काचेला नाक लावून उभी होती.

"हेच का थे बर्फ?" नजीरभाई कुजबुजले.

"असन," बिलकिस म्हणाली. "आपन तरी कुठं पाह्यला."

करिष्माचे डोळे भरून आले होते, आणि फोन धरलेला असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते. भगवानरावांनी घसा साफ केला. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, फोनकडे तोंड केलं आणि म्हणाले, "ताई, मी ऑक्टोबरातच या टिनावरून सांगेल होतं, का जगाचा व्यापार यापुढं उंद्रीतून चालन. आज गोव्याच्या लोकायले बर्फ आमी देला. उद्या कोनी काहीही मागो, आमी देऊ. आमचा शब्द म्हन्जे छापील शब्द. आता या दुकानाची खरी कारभारीन, जिच्या हातानं हे सारं झालं, थे दोन शब्द बोलन."

त्यांनी झुंबरबाईंना पुढे केलं. बाई पलीकडून म्हणाल्या, "बोला ना मावशी!"

झुंबरबाईंनी फोन जवळ घेतला, डोळे बारीक केले आणि काचेतल्या फांद्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासल्या. मग पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

"बाई, तुमच्या उजव्या हाताले, खालून तिसऱ्या फांदीवर, एक बोंड लोंबून राह्यलं. तेवढं वेचून घ्या."